डोरिको १.०: पाचशे युरोंचं सॉफ्टवेअर, आणि त्यात कॉर्ड्सच नाहीत?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना मध्ये येणारे 'अं' आणि 'म्हणजे कसंय' काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे: संगीत लिहिण्याचं सॉफ्टवेअर. गाणं रेकॉर्ड करायचं नाही, लिहायचं. पाच रेघा, त्यावर काळे-पांढरे ठिपके, ते स्टाफ नोटेशन. तुम्ही म्हणाल आपला काय संबंध? आहे की! जुन्या हिंदी गाण्यांत मागे पन्नास-साठ वादकांचा ताफा वाजतो ना, त्यातल्या प्रत्येक व्हायोलिनवाल्यासमोर कागद असायचा. तो कागद लिहिणारे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोव्याचे लोक. गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून ते मुंबईला आले. आधी सगळ्या वाद्यांचा एकत्र स्कोअर, मग प्रत्येक वादकासाठी त्याचा वेगळा पार्ट, आणि सगळं हाताने. एक ओळ बदलली की सगळे पार्ट बदला. नोटेशन सॉफ्टवेअर हा त्रास वाचवतं, म्हणून ज्याचं पोट यावर चालतं तो आपल्या प्रोग्रॅमला नवऱ्या-बायकोपेक्षा जास्त घट्ट धरून बसतो. पुढची गोष्ट कळायला एवढं लक्षात ठेवा.

तर या धंद्यात बरीच वर्षं दोनच मोठी नावं होती. १९८८ चं अमेरिकन फिनाले आणि १९९३ चं ब्रिटिश सिबेलियस. फिनालेची ख्याती अशी की काहीही लिहिता येतं, फक्त आधी जाडजूड मॅन्युअल वाचा. सिबेलियस बनवलं बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांनी. १९८६ मध्ये सुरुवात केली तेव्हा दोघं विद्यार्थी होते. एकॉर्न कंपनीच्या आर्किमिडीज कॉम्प्युटरसाठी त्यांनी ते थेट असेंब्लीत लिहिलं. असेंब्लीत! मी आजवर असेंब्ली फक्त सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला लिहिली, आणि ती दोन आकड्यांची बेरीज होती. गंमत म्हणजे त्या आर्किमिडीजमधली चिप एआरएम होती. तिचीच पणती-खापरपणती आत्ता तुमच्या हातातल्या फोनमध्ये बसून हा लेख दाखवतेय.

सिबेलियस वेगवान होतं आणि शिकायला सोपं. १९९८ मध्ये ते विंडोजवर आलं आणि पसरलं. २००६ मध्ये अमेरिकन कंपनी अ‍ॅविडने ते विकत घेतलं. २०११ मध्ये सातवी आवृत्ती आली, जुने मेनू जाऊन वर ऑफिससारखी रिबन आली, आणि लोक भडकले. ज्यांची बोटं वीस वर्षं एकाच ठिकाणी जात होती त्यांना बटण शोधायला लागलं की असंच होतं. पण तो राग किरकोळ ठरला, कारण पुढच्याच वर्षी, जुलै २०१२ मध्ये, अ‍ॅविडने लंडनमधलं सिबेलियसचं ऑफिस बंद करायचं ठरवलं. सॉफ्टवेअर विकणं चालू राहणार होतं. ते बनवणारे लोक मात्र घरी जाणार होते.

वापरणाऱ्यांनी मोहीम काढली, पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या. उपयोग झाला नाही. इथे मला थोडं थांबायचंय, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे. संगीतकाराची पंधरा वर्षांची कामं एका फाइल फॉरमॅटमध्ये अडकलेली असतात. कंपनीने उद्या हात झटकले तर त्या फाइली उघडणार कशात? आपले फोटो कुठल्यातरी अ‍ॅपमध्ये अडकतात तेव्हा आपण चिडतो, पण फोटो निदान जेपीजी असतो. इथे अडकलेली होती ती या लोकांची सगळी कमाई.

नोव्हेंबर २०१२ मध्ये जर्मनीच्या श्टाइनबर्गने जाहीर केलं की आम्ही त्या टीममधल्या लोकांना घेतलंय आणि लंडनमध्येच नवं सॉफ्टवेअर बनवायला सांगितलंय. श्टाइनबर्ग म्हणजे क्युबेसवाली, यामाहाच्या मालकीची कंपनी. टीमचा सगळ्यांना माहीत असलेला चेहरा होता डॅनियल स्प्रेडबरी. २०१३ च्या फेब्रुवारीपासून तो नव्या प्रोग्रॅमची जाहीर डायरी लिहायला लागला: आज फॉन्टवर काम केलं, आज दोन सुरांमधल्या अंतराचा विचार केला. त्यातून ब्राव्हुरा नावाचा फॉन्ट आला आणि संगीतचिन्हांच्या फॉन्टसाठी स्मफल नावाचं मानकही. दोन्ही सगळ्यांना फुकट, प्रतिस्पर्ध्यांनासुद्धा. प्रोग्रॅमचा पत्ता नाही, पण त्याची अक्षरं जगभर वापरात!

या डायरीने लोकांचा विश्वास परत आणला. आणि माझ्या मते पुढच्या भांडणाची सोयही तिनेच केली. साडेतीन वर्षं तुम्ही लोकांना रोज स्वयंपाकघरातला वास देताय. पान वाढेपर्यंत भूक केवढी होणार?

मे २०१६ मध्ये नाव जाहीर झालं, डोरिको. सोळाव्या शतकात रोममध्ये संगीत छापणाऱ्या व्हॅलेरियो डोरिकोवरून. १९ ऑक्टोबर २०१६ ला आवृत्ती १.० विक्रीला आली, किंमत ५७९ युरो. सिबेलियस किंवा फिनाले असणाऱ्यांना सवलतीत.

आधी चांगलं काय होतं ते सांगतो, कारण ते इंजिनीअर म्हणून मला खरंच भारी वाटतं. जुन्या प्रोग्रॅमांच्या डोक्यात संगीत म्हणजे डब्यांची रांग. एक बार म्हणजे एक डबा, त्यात चार ठोके भरा. डोरिकोच्या डोक्यात आधी वाहती वेळ असते, डबे नंतर वरून आखले जातात. समजा चार ठोक्यांच्या डब्यात तिसऱ्या ठोक्यावर एक दोन ठोक्यांचा सूर सुरू होतो. आता ठरलं की ताल तीन ठोक्यांचा करायचा. डोरिको त्या सुराचा एक ठोका या बारमध्ये ठेवतं, एक पुढच्यात ढकलतं, मध्ये जोडरेघ काढतं आणि पुढचं सगळं पुन्हा नीट लिहून देतं. सूर तोच, लिखाण बदललं. डेटा आणि त्याचं दिसणं वेगळं ठेवा, हे आपल्याला कॉलेजात घोकून घेतात. इथे कुणीतरी ते शेवटपर्यंत पाळलं होतं. शिवाय एकाच फाइलमध्ये सिम्फनीचे चारही भाग, आणि काही हात न लावता पान छापील पुस्तकासारखं दिसायचं.

परीक्षणं लिहिणाऱ्यांनी नेमकं हेच पाहिलं. संगीताच्या तंत्रावर लिहिणाऱ्यांचा सूर साधारण असा होता की पाया जबरदस्त आहे, पान सुंदर दिसतं, घर अजून बांधून व्हायचंय. एक योगायोग बघा. या विषयावरचं सगळ्यात वाचलं जाणारं लिखाण न्यूयॉर्कच्या फिलिप रॉथमनचं, आणि त्याच्या साइटचं नाव होतं 'सिबेलियस ब्लॉग'. ती साइट आधी स्प्रेडबरीच चालवायचा! पुढे रॉथमनने तिचं नाव बदलून 'स्कोअरिंग नोट्स' केलं. एका प्रोग्रॅमचं नाव लावून आता भागणार नव्हतं.

आणि वापरणारे? त्यांनी पैसे भरले, इन्स्टॉल केलं आणि कॉर्ड्सची चिन्हं शोधायला लागले. सूरांच्या वर सी मायनर, जी सेव्हन लिहितात ती. नव्हतीच! जॅझवाले, सिनेमावाले, नाटकवाले, सगळ्यांची रोजची भाजी-भाकरी ती. ड्रम सेट लिहायची सोय नव्हती. धृपदाकडे परत जाताना लागणारे पहिल्या-दुसऱ्या शेवटाचे कंस नव्हते. मोठ्या स्कोअरमध्ये प्रोग्रॅम धापा टाकायचा. त्यात लायसन्सचा वैताग: एक परवाना एका कॉम्प्युटरला बांधलेला, घरी आणि स्टुडिओत दोन्हीकडे वापरायचं तर वेगळी यूएसबी किल्ली विकत घ्या. टीमने काही लपवलं नव्हतं. राहिलेल्या गोष्टी पुढच्या फुकट अपडेट्समध्ये येतील असं सांगितलं होतं. पण परवाच्या रेकॉर्डिंगसाठी आज रात्री पार्ट छापायचेत त्याला 'पुढच्या अपडेट'चं काय करायचंय?

दोन्ही बाजू खऱ्या होत्या, असं म्हणून मी सुटू शकतो. पण मला वाटतं वापरणाऱ्यांचं पारडं जड होतं. परीक्षण लिहिणारा माणूस प्रोग्रॅम आठवडाभर पाहतो, त्याला रचना दिसते. विकत घेणारा त्याच्यासोबत संसार करणार असतो. मी ज्या धंद्यात आहे तिथे 'आधी बाजारात आणा, मग सुधारा' हे रोज ऐकतो, आणि चार वर्षं पगार चालू, विक्री शून्य म्हटल्यावर वरून काय दबाव असेल हे कुणी सांगायला नको. म्हणून अर्धवट आणण्याबद्दल माझी तक्रार नाही. अर्धवट वस्तूला पूर्ण वस्तूचा भाव लावला, ते खटकतं. 'ही पहिली पायरी आहे, निम्म्या किमतीत घ्या' म्हटलं असतं तर तीच माणसं कौतुकाने बग शोधत बसली असती.

पुढे मात्र त्यांनी जे केलं ते फार कमी कंपन्या करतात. स्प्रेडबरी स्वतः लोकांच्या तक्रारींना उत्तरं देत राहिला, नाव घेऊन, सभ्यपणे, वर्षानुवर्षं. जून २०१७ मध्ये १.१ मध्ये कॉर्ड्स आल्या, शेवटाचे कंस आले. डिसेंबरमध्ये १.२ मध्ये ड्रम आणि तालवाद्यं आली. दोन्ही फुकट. म्हणजे कॉर्ड्ससाठी आठ महिने, ड्रमसाठी चौदा. २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीत असं काहीतरी आलं जे बाकी कुणाकडे धड नव्हतं: दोन बासऱ्यांचे वेगळे पार्ट कंडक्टरच्या पानावर आपोआप एकाच ओळीत बसवणं. ती यूएसबी किल्ली जायला मात्र जानेवारी २०२२ उजाडलं, चौथ्या आवृत्तीबरोबर.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात फुकटातल्या म्यूझस्कोअरची चौथी आवृत्ती आली, आणि जुनं नाटक नव्या संचात लागलं: दिसायला देखणी, आवाज अफलातून, आणि जुने लोक विचारतायत की आमचे प्लगइन कुठे गेले. फरक एवढाच की तिथे कुणाचे पैसे गेले नव्हते, त्यामुळे राग लवकर निवला. कॉलेजात असाल आणि हात मारून बघायचा असेल तर तिथूनच सुरुवात करा.

राहिलं फिनाले. २६ ऑगस्ट २०२४ ला मेकम्युझिक कंपनीने जाहीर केलं की पस्तीस वर्षांनंतर आम्ही फिनाले थांबवतोय. आधी सांगितलं की वर्षभराने नव्या कॉम्प्युटरवर ते चालूच करता येणार नाही. लोकांनी एवढा गदारोळ केला की लगेच माघार घेऊन ती सोय चालू ठेवायचं कबूल करावं लागलं. आणि जाताना कंपनीने आपल्या ग्राहकांना सवलतीत एक पर्याय देऊ केला, १४९ डॉलरला: डोरिको प्रो. या वेळी कॉर्ड्स होत्या.