दख्खनी मेंढीचा रंग व त्याची आनुवंशिकता
दख्खनच्या पठारावरील मेंढी प्रामुख्याने काळ्या रंगाची असून काही मेंढ्या पांढऱ्या, करड्या वा ठिपकेदारही आढळतात. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी हे या जातीचे प्रमुख उपप्रकार होत. ब्रिटिश अधिकारी व निसर्गवैज्ञानिक डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनमधील सस्तन प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. तीत येथील मेंढीची लोकर आखूड व बहुतेक सर्वत्र काळी असल्याचे नमूद आहे.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील वेल्हे (राजगड) व भोर तालुक्यांच्या घाटमाथ्यावर पाऊस अतिशय पडतो. तेथील गवळी धनगर परंपरेने म्हशी व गाई पाळीत. मेंढ्यांचे कळप पूर्वेकडील अवर्षणग्रस्त भागातील हटकर धनगरांकडे असत. घाटमाथ्यावरील शेतकऱ्याला पावसात व थंडीत लागणारी घोंगडी मात्र या कळपांच्याच लोकरीची असे. खुटेकर धनगर व सणगर ती विणीत आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देत. काळ्या लोकरीला रंगविण्याची गरज नसल्यामुळे काळा रंग हा या मेंढीचा मोलाचा गुण ठरला.

यूरोपात याच्या उलट स्थिती होती. पांढऱ्या लोकरीला हवा तो रंग देता येतो. तीत काळे तंतू मिसळल्यास तिची किंमत उतरते. त्यामुळे मेरिनोसारख्या जातींत काळी कोकरे कळपातून काढून टाकीत. तरीही पांढऱ्या आईबापांच्या पोटी ती अधूनमधून जन्मत. मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आल्यावर याचा उलगडा झाला. या जातींत पांढरा रंग प्रभावी व काळा अप्रभावी असतो. काळ्याचा जीन बाळगणाऱ्या दोन पांढऱ्या मेंढ्यांच्या संततीत सरासरीने चारांत एक कोकरू काळे निपजते. असे वाहक डोळ्यांना ओळखू येत नाहीत. म्हणून केवळ काळी कोकरे वगळून तो जीन समूळ नाहीसा होत नाही.

लोकरीचा रंग मेलॅनीन या रंजकद्रव्यामुळे येतो. काळ्या मेलॅनिनाची निर्मिती रंजक कोशिकांवरील एका ग्राही प्रथिनावर अवलंबून असते व ‘अगूटी’ हे प्रथिन तिला आळा घालते. बी. जे. नॉरिस व व्ही. ए. व्हॅन यांनी २००८ मध्ये मेरिनो मेंढीच्या प्रभावी पांढऱ्या रंगाचे कारण दाखविले : अगूटी जीनासह गुणसूत्राचा सु. १,९०,००० क्षारक जोड्यांचा भाग तीत द्विरुक्त झालेला असतो. अगूटी जीन निकामी झाल्यास अप्रभावी काळा रंग येतो. ग्राही प्रथिनाचा जीन बदलून ते सतत कार्यरत राहिल्यास मात्र काळा रंग प्रभावी ठरतो. हा दुसरा प्रकार नॉर्वेतील डाला मेंढीत १९९९ मध्ये सिद्ध झाला.

दोन्ही प्रकारच्या काळ्या मेंढ्या दिसण्यात सारख्याच असतात. भेद संकरात प्रकट होतो. शुद्ध पांढऱ्या मेरिनो मेंढ्याशी संकर केल्यास अप्रभावी काळ्या मेंढीची पहिली पिढी पांढरी निपजते, तर शुद्ध प्रभावी काळ्या मेंढीची संतती काळी होते. म्हणजे पहिल्या प्रकारात एकाच संकराने काळा रंग दृष्टीआड होतो व तो परत मिळविण्यासाठी काळ्या मेंढ्याशी पुन्हा संकर करावा लागतो.

विसाव्या शतकात मऊ, पांढऱ्या लोकरीच्या अपेक्षेने दख्खनी मेंढीचे मेरिनो व रॅम्ब्युए जातींशी संकर करण्यात आले. पुढे गिरणीचे स्वस्त कापड व कृत्रिम धाग्यांची ब्लँकेटे यांमुळे घोंगडीची मागणी घटली. लोकर कातरण्याचा खर्चही निघेनासा झाला आणि मांसासाठी वजनदार, कमी लोकरीच्या मेंढ्यांशी संकर वाढले. अशा मिश्र कळपांत रंगाबरोबरच कोरड्या मुलखात दूरवर चालण्याचा काटकपणा व निकृष्ट चाऱ्यावर तग धरण्याची क्षमताही क्षीण होण्याचा धोका असतो. दडलेला काळा रंग योग्य संकराने पुन्हा प्रकट करता येतो. परंतु अनेक जीनांवर अवलंबून असलेला काटकपणा तितक्या सहजपणे परत मिळत नाही. म्हणून शुद्ध दख्खनी कळपांतील निवडक काळे मेंढे पैदाशीसाठी राखणे महत्त्वाचे ठरते.