गावकूस ते भीमनगर : आपल्या स्थलांतराची कहाणी



विहाराच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या या स्मरणिकेत आपण दरवर्षी बुद्ध-आंबेडकरी विचारांवर लिहितो. यंदा आम्ही आपल्याच घरांविषयी लिहायचं ठरवलं. कारण लहान आहे. वस्तीतल्या लेकरांना "तुमचं गाव कोणतं?" असं विचारलं की ती "नांदेड" म्हणतात. शेजारी बसलेली आजी मात्र दुसरंच नाव सांगते, कुणी बिलोलीकडचं, कुणी मुखेडकडचं, कुणी उदगीरकडचं. ते गाव आपण का सोडलं, हे लेकरांना कुणी नीट सांगितलेलं नाही. "तिकडं काही नव्हतं, म्हणून आलो" एवढ्यावर विषय संपतो. तो तिथं संपू नये, म्हणून हा लेख.

गाव सोडण्याचा विचार बाबासाहेबांचा

गावात आपल्या वाटेला गावकुसाबाहेरची जागा होती. येसकरकी, सांगावा पोचवणं, मेलेली ढोरं ओढणं ही कामं आणि बदल्यात बलुतं. निजामाच्या राज्यात त्यात वेठबिगारीची भर. बलुतं म्हणजे हक्क असं जुनी माणसं म्हणायची, पण खळ्यावर ते मागायला हात पसरून उभं राहावं लागे.

परमपूज्य बाबासाहेबांनी हे दुखणं मुळातून ओळखलं होतं. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती असाव्यात, त्यासाठी सरकारने जमीन द्यावी, असा ठराव त्या परिषदेत झाला. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनातही त्यांनी हीच मागणी मांडली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी खेड्याचं कौतुक करणाऱ्यांना उघड विरोध केला, आणि घटनेने गावाला नव्हे तर व्यक्तीला घटक मानलं याचं समाधान व्यक्त केलं. गाव सोडणं म्हणजे पळपुटेपणा, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

स्वतंत्र वसाहतींची ती योजना सरकारने अमलात आणली नाही. पण आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आज्या-पणज्यांनी ती आपापल्या परीनं अमलात आणली. डोक्यावर गाठोडं आणि काखेत लेकरू घेऊन.

१९५६ : बलुतं सुटलं

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. धर्म बदलला आणि राज्यही बदललं. गावोगाव आपल्या माणसांनी ढोरं ओढायचं बंद केलं, येसकरकी सोडली. पण काम सोडलं की बलुतंही गेलं. काही ठिकाणी मजुरी बंद, दुकानातलं सामान बंद. जमीन असणारी घरं थोडी, म्हणून पोट भरायला बाहेर पडणं आलंच.

नांदेडला रेल्वे १९०० च्या सुमारासच आली होती. उस्मानशाही मिल होती, कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग होत्या, मोंढ्यात हमाली होती. लातूरलाही अडत बाजार मोठा, बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी तिथं १९११ पासून येत होती. पोती उचलायला जात विचारत नाहीत, हे माणसांच्या लक्षात आलं. पहिला एक जण यायचा, एखाद्या पावण्याच्या खोपीत राहायचा आणि मग पोळ्याला किंवा जयंतीला गावाकडं जाऊन बाकीच्यांना घेऊन यायचा. अशी वस्ती वाढत गेली.

१९७२ च्या दुष्काळात लोंढाच आला. खडी फोडून, सुकडी आणि मिलोची लाल ज्वारी खाऊन दिवस काढलेली माणसं अजून आपल्यात आहेत. कुणी मुंबई-पुण्याला गेली, कुणी इथंच थांबली. त्यांच्यातल्या पुष्कळांना पाऊस पडल्यावर परत जायचं होतं. पाऊस पडला, पण ती गेली नाहीत. आमच्या मते खरा निर्णय तो होता. उपाशीपोटी निघणं हे कुणाच्याही हातात नसतं. परत न जाणं मात्र विचार करून होतं.

१९७८ : जाळलेली घरं

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्याच्या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांत आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. घरं जाळली, धान्य जाळलं, पाणी तोडलं. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे आणि सुगावचे जनार्दन मवाडे यांचा बळी गेला. पोचिराम हे मातंग समाजाचे. त्यांनी जयभीम म्हणणं सोडलं नाही, असं चळवळीत आजही सांगतात. पुढे नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडातच गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तो अशा किती घरांची राख झाल्यावर.

आमच्या वस्तीतल्या एक वयस्कर उपासिका सांगतात, "घर जळालं तेव्हा रडले नाही. दुसऱ्या दिवशी इहिरीवर पाणी भरू देईनात, तवा रडले. मग मालकाला म्हणलं, चला आता." बदला घ्यावा असं कुणाच्या मनात आलं नसेल असं नाही. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाचं गृहत्यागाचं कारण काय सांगितलं आहे, ते आठवावं. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून वाद पेटला. सिद्धार्थाने युद्धाला नकार दिला आणि देशत्याग पत्करला. पाण्यासाठी झालेलं भांडण आणि त्यातून सोडलेलं घर, ही गोष्ट आपल्या माणसांना पुस्तकाबाहेर कळलेली होती.

शहरात सगळं सोपं होतं असं मात्र कुणी समजू नये. खोली भाड्यानं बघायला गेलं की आधी आडनाव विचारायचे आणि मग खोली "कालच दिली" असायची. म्हणूनच आपली माणसं नाल्याकाठी, रुळाकाठी, पडीक जागेवर जवळजवळ राहिली. भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाबाईनगर ही नावं त्यांनीच ठेवली. आधी निळा झेंडा, मग पत्र्याचं विहार, मग नळ, असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. बायांनी धुणीभांडी केली, विटा वाहिल्या, आणि पोरांना शाळेत घातलं.

लातूरचा धडा

लातूर आपल्याला परकं नाही. आपल्या कितीतरी लेकी औसा-निलंगा भागात दिल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा इथल्या घराघरात रडारड होती. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं पुढे नव्या जागी वसवली. सगळंच नवं होतं, रस्ते नवे, घरं नवी. आता तरी गावकूस राहणार नाही असं वाटलं होतं.

पण घरं जमिनीच्या हिशेबानं दिली गेली. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. ज्याच्याकडं जुन्या गावात जमीन नव्हती, त्याला नव्या गावात घरही सगळ्यात लहान. डोक्यावर पक्कं छप्पर आलं, हे खरंच मोठं होतं, आणि आम्ही ते नाकारत नाही. पण जागा बदलली म्हणजे माणसाची पायरी बदलतेच असं नाही, हेही तिथं दिसलं. जुनी उतरंड आपल्याबरोबर गाडीत बसून येते. ती उतरवून टाकणं हे वेगळं काम आहे.

आता आपली पाळी

तेच आज आपल्याला स्वतःला विचारायचं आहे. आपली पक्की घरं झाली, पोरं नोकरीला लागली. आता वस्तीच्या टोकाला नवी बिऱ्हाडं उतरतात. कुणी वीटभट्टीवरून आलेलं, कुणी ऊसतोडीवरून, कुणी दुसऱ्याच जातीचं, कुणी दुसऱ्याच भाषेचं. ताडपत्रीची खोप, पाण्याला लांब चक्कर. आणि आपल्यातलाच एखादा म्हणतो, "ही कुठली माणसं? वस्ती घाण करतात." हे बोलणं आपल्या आजीनं कुठं ऐकलं होतं, ते आठवा.

म्हणून आमची दोन विनंत्या आहेत. एक, घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून गाव, साल आणि निघायचं कारण वहीत लिहून घ्या. ही माणसं गेली की ते सांगणारं कुणी राहणार नाही. दुसरी, विहाराचा नळ आणि विहाराची अभ्यासिका टोकाच्या बिऱ्हाडांनाही खुली ठेवा. आपल्या आधीच्या पिढीनं परक्या मुलखात नव्यानं सुरुवात केली, ती कुणीतरी एक खोप वाटून दिली म्हणून. ते ऋण असं फेडता येईल.

सर्वांचं मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!