नट आणि मालक एकच

संगीत नाटकांच्या काळात पगारी नटाची भूमिका कंपनीचे मालक ठरवीत. १९१३ साली नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्या भागीदारीत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी (१९१६) आणि ‘एकच प्याला’मधील सिंधू (१९१९) त्यांनी स्वतःच्याच कंपनीत साकारल्या. परंतु मालकाच्या हौसेला आवर घालणार कोण? खरे दागिने, उंची अत्तरे यांवरील खर्च वाढत गेला. भागीदार एकेक करून बाहेर पडले. १९२१ मध्ये एकट्याची मालकी हाती आली, ती कर्जासह. ते कर्ज फेडण्यात सुमारे सात वर्षे गेली, आणि फेडले तेही याच नायिका रंगवून.