कैली माप आणि घरचा स्वयंपाक

जुन्या दप्तरांच्या रुमालांत जमाखर्चाच्या यादींबरोबर पाकक्रियेचीं सुटीं टिपणेंही सांपडतात. लाडवांचें, लोणच्याचें किंवा भाजणीचें प्रमाण चार-सहा ओळींत उतरलेलें असतें. संग्राहक तीं बहुधा बाजूस सारतात. आणि ज्यांस त्यांची गोडी आहे, तेही मजकूर छापतांना 'शेर' या शब्दापुढें कंसांत '८० तोळे' असें लिहून मोकळे होतात. ही रीत घातक आहे. घरचा स्वयंपाक तराजूवर क्वचित् चाले, एरवीं तो मापावरच चाले; आणि मापाचा शेर व वजनाचा शेर यांचें नांव एक असलें तरी वस्तु दोन आहेत.

दप्तर लिहिणारांस हा भेद पक्का ठाऊक होता. 'कैल' हा अरबी शब्द मापण्याचा वाचक. त्यावरून मापून घेतलेला जिन्नस तो 'कैली' आणि तोलून घेतलेला तो 'वजनी'. शिवाय बारा पायलींच्या मणाचें माप तें 'बारुलें' आणि सोळा पायलींच्या मणाचें तें 'सोळुलें'. वीस मणांची खंडी पहिल्या हिशेबानें २४० पायलींची, तर दुसऱ्यानें ३२० पायलींची होते. एवढा एक शब्द वाचण्यांत सुटला कीं धान्याचा सगळा आंकडा फसतो. पाकक्रियेच्या टिपणांत असा शब्द सहसा नसतो. लिहिणारास तो गृहीतच होता.

देशावरील कोष्टक असें: दोन निळव्यांचें एक कोळवें, दोन कोळव्यांचें एक चिपटें, दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा एक शेर, आणि चार शेरांची एक पायली. शेरापर्यंतची प्रत्येक पायरी दुपटीची आहे, ही गोष्ट सहज म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. दुपटीच्या मापांस तराजूची साक्ष लागत नाहीं. कोळवें दोनदां भरून चिपट्यांत ओतावें. काठाशीं आलें तर तीं परस्परांशीं जुळतीं आहेत, उणें किंवा अधिक पडलें तर एकांत खोट आहे. घरांत एकच माप असेल तरी अर्ध्याचें अर्धें करण्यास दोन सारख्या वाट्या पुरतात. वजनांतील नवटांकही याच वळणाचें. ७२ टांकांच्या शेराचे नऊ टांक, म्हणजे अर्ध्याच्या अर्ध्याचें अर्धें.

ही दुपट मराठ्यांच्या काळांत नवीन निघाली नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंतील मानपरिभाषेंत दोन पलांची प्रसृति, दोन प्रसृतींची अंजलि, तीच कुडव. दोन कुडवांची मानिका आणि दोन मानिकांचा प्रस्थ, अशी तीच चढण आहे. यांतील प्रसृति म्हणजे आपला पसा आणि अंजलि म्हणजे आपली ओंजळ. हातानें घेतलेल्या मापास 'अडाणी अंदाज' म्हणणारांनीं हें ध्यानांत घ्यावें, कीं वैद्यकासारख्या काटेकोर शास्त्राच्या कोष्टकांत हात हें माप म्हणून बसलेलें आहे. त्याच ग्रंथांत कुडवाचें भांडें कसें करावें हेंही सांगितलें आहे: माती, लांकूड, वेळू किंवा धातु यांचें, चार अंगुळें रुंद आणि तितकेंच उंच. अंगूळ पाऊण इंचाचें धरल्यास तीन इंच व्यासाचें व तीन इंच उंचीचें वाटोळें भांडें होतें आणि त्यांत सुमारें २१ घनइंच जिन्नस मावतो. ज्याला बोटें आहेत त्याला हें माप घरीं करतां येतें.

मापाचा खरा घोटाळा शिगेंत आहे. काठाबरोबर हात फिरवून पुसलेलें माप आणि वर शीग चढविलेलें माप यांत अंतर किती, हें भांड्याच्या तोंडावर अवलंबून राहतें. पसरट भांड्याची शीग मोठी, अरुंद भांड्याची लहान. 'शीग' व 'शिखा' यांचें नातें आम्हांस उघड दिसतें, कारण कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हाच विषय शिखा या नांवानें आला आहे: मापें वाळलेल्या टणक लांकडाचीं करावीं आणि चौथा हिस्सा शिखेंत यावा, किंवा शिखा आंतच धरावी. तेथेंच द्रोण चार प्रकारचा सांगितला आहे. राजाच्या उत्पन्नाचा २०० पलांचा, व्यवहाराचा १८७॥ चा, वेतन वाटण्याचा १७५ चा आणि अंतःपुरांत द्यावयाचा १६२॥ चा. कोठारांत येतांना मोठें माप आणि बाहेर जातांना लहान, ही युक्ति पुढल्या कोठावळ्यांस कोणी शिकवावी लागली नसेल! भास्कराचार्यांच्या लीलावतींत (शके १०७२) धान्याच्या राशीची उंची परिघावरून काढण्याचा नियम आहे. जाड्या धान्यास परिघाचा दहावा भाग, बारकास अकरावा, कुसळाच्या धान्यास नववा. खळ्यावरील राशीचा हा नियम मापावरील शिगेसही लागू पडतो. एकाच चिपट्यावर भाताची शीग उंच बसते आणि राळ्याची बसकी.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घ्यावें. 'बेसन व साखर सारखीं' असें टिपण आहे असें समजूं. मापानें सारखीं घेतलीं तर साखरेचें वजन बेसनाच्या दीड-पावणेदोन पट भरतें, कारण पीठ हलकें आणि फुगीर. तराजूनें सारखीं घेतलीं तर लाडू तितका गोड होत नाहीं. कंसांत तोळे घालणारा संपादक म्हणजे नकळत दुसराच लाडू छापतो. तांदळाची गोष्ट तशीच. ज्या वाटींत २०० ग्रॅम तांदूळ मावतात, तींत कणीक १२०-१३० ग्रॅमच्या वर जात नाहीं. यासाठीं टिपणांतील प्रमाण आहे तसेंच छापावें आणि भाग म्हणून वाचावें. अर्थशास्त्रांतील शिधाही असाच भागांनीं सांगितलेला आहे: तांदूळ एक प्रस्थ, वरणाची डाळ त्याच्या चौथाई, मीठ डाळीच्या सोळाव्या हिश्श्याएवढें. प्रस्थ किती तोळ्यांचा हा वाद कितीही चालो, हें प्रमाण ढळत नाहीं.

नांवावर तर मुळींच विसंबूं नये. शार्ङ्गधराचा कुडव ओंजळीएवढा. गोव्यांत वीस कुडवांची खंडी होत असे, म्हणजे तोच शब्द तेथें धान्याच्या मोठ्या मापाचा वाचक झाला होता.

१९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें-मापें ठरलीं आणि १९५८ पासून तीं टप्प्याटप्प्यानें लागू झालीं. बाजारांतून शेर उठला. स्वयंपाकघरांत मात्र चिपट्याची जागा किलोनें न घेतां वाटीनें घेतली. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'सारख्या (१९७०) घरोघर पोंचलेल्या पुस्तकांतही वाटी-चमच्याचींच प्रमाणें आहेत. जुनीं पितळी व लांकडी मापें या उलथापालथींत मोडींत गेलीं, कांहीं दिवाणखान्यांतील शोभेची वस्तु झालीं. पोथ्या जपणाऱ्या आमच्या मंडळींनीं तींही जपावयास पाहिजेत. मापाविना टिपण अर्धेंच वाचलें जातें.

असें भांडें हातीं आल्यास तें प्रथम पाण्यानें काठोकाठ भरून पाणी घनसेंटिमीटरांत मोजावें. नंतर कोरडे तांदूळ एकदां पुसून व एकदां शीग लावून भरावे आणि दोन्ही वेळां तोलावे. काठाशीं किंवा तळाशीं ठसा असल्यास त्याचा उतारा घ्यावा, आणि भांडें कोणत्या गांवांतून आलें तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. पुण्याचें मापटें नाशिकच्या टिपणास लावून चालणार नाहीं.