खाजणातली दिवटी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, ओव्या आणि यात्रांची वर्णने येतात. यंदा चिटणीसबाईंनी मला इतिहासावर काही लिहावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून ज्याला तेल नाही, वात नाही आणि तरीही ज्याने शेकडो वर्षे माणसांना भिवविले, अशा एका दिव्याचा इतिहास मी लिहीत आहे.

ज्यांचे माहेर खाडीकाठचे आहे, त्या भगिनींनी हा दिवा पाहिला नसला तरी ऐकला खास असेल. काळोख्या रात्री खाजणात, चिखलपाण्याच्या जागी, जमिनीपासून थोड्या उंचीवर निळसर ज्योत दिसते. जवळ जावे तर मागे सरते, मध्येच विझते आणि पलीकडे पुन्हा दिसते. अशा ज्योतींची रांग दिसली की आमच्याकडे म्हणत, "वेताळाची पालखी निघाली, दारे लावा." अमावास्येच्या रात्री वेताळ भुतांना बरोबर घेऊन, मशाली पेटवून फेरीस निघतो, अशी समजूत. सगळेच वेताळाला भीत असे मात्र नाही. सिंधुदुर्गातील आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार. तो रात्री गावाभोवती फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला मोठमोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. शिवाय पावसाळ्याच्या तोंडाला चढणीचे मासे धरणारे लोक झावळ्यांच्या चुडी पेटवून रात्री पाण्यात उतरत. लांबून पाहणाऱ्याला तीही पालखीच वाटे.

या समजुती शंभर वर्षांपूर्वीच कागदावर उतरल्या आहेत. १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी नाशकात ज्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या जॅक्सनला लोकांच्या चालीरीती जमविण्याचा नाद होता. त्याने जमविलेल्या माहितीवरून एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने १९१५ साली कोकणच्या लोकसमजुतींचे इंग्रजी पुस्तक तयार केले. त्यातली माहिती मुख्यतः गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठविलेली होती. वेताळ, मुंजा, समंध, गिऱ्हा, हडळ, अळवंतीण, सगळी मंडळी त्यात आहेत. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेल्या बाईचे भूत.

आता इतर देशांकडे पाहू. बंगालमध्ये या दिव्याला आलेया म्हणतात. पाण्यात बुडून मेलेल्या कोळ्यांचे ते आत्मे, असे तिकडचे लोक मानीत. स्वीडन-डेन्मार्ककडे बाप्तिस्मा होण्याआधी मेलेल्या तान्ह्या बाळांचे ते जीव समजत. जर्मनीत म्हणत की, ज्याने हयातीत शेजाऱ्याच्या हद्दीचा दगड सरकविला, तो मेल्यावर दिवा घेऊन बांधाबांधाने भटकतो. आपल्याकडे बांध कोरणाऱ्यांना अशी भीती असती तर निम्मे कज्जे मिटले असते! आयर्लंडातल्या जॅक नावाच्या लबाड माणसाला तर स्वर्गही नाही आणि नरकही नाही. कोरलेल्या सलगमात निखारा ठेवून तो हिंडतो म्हणे.

या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यावर मला एक दिसले. बांध सरकविणारा आणि जॅक सोडले, तर त्या दिव्यात लोकांनी पाहिले ते अकाली गेलेले जीव. बुडालेला कोळी, तान्हे मूल, बाळंतीण. यांचा काय अपराध?

आमच्याच घरची हकिगत सांगते. माझ्या आजीची धाकटी जाऊ पहिल्या बाळंतपणात गेली. दवाखाना खाडीपलीकडे, पाऊस मुसळधार. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिला डोलीत घालून नेले, पण ती वाटेतच गेली. मूल जगले. पुढे महिन्याभरात कोणाला तरी खाजणाच्या कडेला दिवा दिसला आणि "ती मुलीसाठी येते" अशी बातमी गावभर झाली. संध्याकाळनंतर त्या वाटेने कोणी जाईना. ती मुलगी म्हणजे आमची आत्या. लहानपणी तिला कोणी आपल्या मुलांत खेळू देत नसत. लग्नाच्या वेळीही दोन स्थळे याच कारणाने मोडली. आजी म्हणायची, "अगं, जिवंत होती तेव्हा मुंगीच्या वाटेला गेली नाही, मेल्यावर कोणाच्या मानगुटीवर बसणार?"

दिव्याचा खरा उलगडा होण्यास पुष्कळ काळ लागला. १७७६ साली व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ काठीने ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून दाखविले. पाण्याखाली पालापाचोळा हवेवाचून कुजला की हा वायू होतो. त्याचेच नाव मिथेन. पण तो आपोआप पेटतो कसा? १७८३ साली जांजांब्र या फ्रेंच माणसाने फॉस्फरसाचा एक वायू शोधला, तो हवा लागताच पेट घेई. कुजण्यातून तोही निघत असावा, असे पुष्कळांनी मानले. प्रशियातील ब्लेसन नावाचा लष्करी अधिकारी १८११ साली स्वतःच दलदलीत जाऊन बसला. दिवसा जेथे बुडबुडे दिसत तेथेच त्याला रात्री ज्योती दिसल्या. आपल्या हालचालीने हवा हलते म्हणून ज्योत मागे सरते, हे त्याने ताडले. तो स्वस्थ उभा राहिला, तोंड फिरवून घेतले आणि कागदाचा तुकडा तिच्यावर पेटवून घेतला! आणि २०२५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखविले की, पाण्यातील सूक्ष्म बुडबुड्यांमध्ये बारीक विजा चमकतात आणि त्यांनी मिथेन पेट घेऊ शकतो.

म्हणजे ज्योत मागे सरे, ती आपणच हवा हलविल्यामुळे. तिला आपण भुलविणारी म्हटले.

असो. दलदली बुजल्या, गावोगाव वीज आली, तेव्हा हे दिवे आता क्वचितच दिसतात. गोष्टी मात्र राहिल्या आहेत. त्या मुलांना जरूर सांगाव्यात. फक्त अळवंतिणीची गोष्ट सांगताना ती बाई कशाने गेली, वेळेवर दवाखाना मिळाला असता तर वाचली असती का, हेही सांगावे. आणि आपल्या आळीत कोणी गरोदर असेल, तर तिची तपासणी वेळेवर होते की नाही, याची चौकशी मंडळातर्फे आपण करावी, एवढीच माझी सूचना आहे. बाळंतपणात गेलेल्या बाईला आपल्या घरात तरी कोणी भूत म्हणू नये.