गळ्यातली माळ, पगडीची जर आणि जात

१/ डिसेंबर १९२७. कुलाबा जिल्ह्यातील महाड. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. चवदार तळ्यावरील सत्याग्रह मात्र न्यायालयाच्या मनाईहुकुमामुळे स्थगित ठेवावा लागला. इतिहासाच्या पुस्तकांतून या परिषदेचा वृत्तांत बहुधा येथेच आटोपतो. वस्तुतः त्याच दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला स्त्रियांपुढे एक स्वतंत्र भाषण केले. त्याचा बराच भाग लुगडे कसे नेसावे आणि अंगावर कोणते दागिने घालावेत, याविषयी होता.

२/ सत्याग्रहाच्या धामधुमीत हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तो तसा नव्हता. अस्पृश्याच्या कपाळावर त्याची जात लिहिलेली नसते. ती ओळखू येते ती राहणीवरून, हे त्या भाषणाचे मुख्य सूत्र होते. गळ्यात एकावर एक गळसऱ्या, हातांत कोपरापर्यंत कथलाचे आणि चांदीचे दागिने, लुगड्याची विशिष्ट ठेवण. रस्त्याने जाणाऱ्या बाईला कोणी काही विचारण्यापूर्वीच तिचे दागिने उत्तर देऊन मोकळे होत. हा पुरावा आपल्या हातांनी पुसून टाका, असे बाबासाहेबांचे सांगणे होते.

३/ या सांगण्यात कमालीचा व्यवहारीपणा होता. एकीपेक्षा अधिक गळसऱ्यांची गरज नाही. त्यांनी नवऱ्याचे आयुष्य वाढत नाही आणि बाईचे रूपही खुलत नाही. रूप खुलते ते कपड्याने, तेव्हा कथलावर घालवायचा पैसा चांगल्या लुगड्यावर खर्च करावा. दागिना हवाच असेल तर सोन्याचा एक करावा, नाहीतर मुळीच घालू नये.

४/ बारा वर्षांपूर्वी त्रावणकोर संस्थानात याच प्रश्नावरून दंगे पेटले होते. तेथील पुलया जातीच्या स्त्रियांना कमरेच्या वर वस्त्र घेण्यास मज्जाव होता. गळ्यात खड्यांच्या नि मण्यांच्या जड माळा घालणे मात्र बंधनकारक होते. या माळांना ‘कल्लुमाला’ म्हणत. अय्यनकाली यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी त्या झुगारल्या, तेव्हा पेरिनाड परिसरात वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. अखेर १९१५ च्या डिसेंबरात कोल्लम येथे मोठी सभा भरली आणि स्त्रियांनी त्या माळा सर्वांसमक्ष तोडून टाकल्या. व्यासपीठापाशी माळांचा ढीग साचला.

५/ दागिना लादणे ही एक रीत, दागिना हिरावणे ही दुसरी. दुसरीचे उदाहरण महाडनंतर अवघ्या काही दिवसांत, तेही होळकरांच्या इंदूर संस्थानात मिळाले. ४ जानेवारी १९२८ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बातमी आली. कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या सुमारे पंधरा गावांतील सवर्ण पाटील-पटवाऱ्यांनी बलाई जातीच्या लोकांना बजावले होते की, गावात राहायचे असेल तर काही नियम पाळावे लागतील.

६/ ते नियम पाहण्याजोगे आहेत. पुरुषांनी जरीच्या काठाची पगडी घालू नये. रंगीत वा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये. स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, झोकदार झगे वा जाकिटे वापरू नयेत. याच यादीत पुढे सवर्णांच्या घरी कोणी वारले की त्याची वर्दी कितीही दूरच्या नातेवाइकांना पोचवणे, लग्नाच्या वरातीपुढे वाद्ये वाजवणे, बाळंतपणे करणे, आणि मोबदल्याचा आग्रह न धरता राबणे, ही कामे होती. पगडीची जर आणि वेठबिगार एकाच यादीत यावी, यात विसंगती नाही. ज्याच्या डोक्याला जर शोभते तो फुकट राबणार नाही, एवढे त्या पाटलांना नेमके कळत होते.

७/ बलाईंनी नकार दिला. त्यांना विहिरी बंद झाल्या, गुरे चारण्यास मनाई झाली, सवर्णांच्या जमिनीतून जाण्यायेण्याची वाट अडवली गेली. दरबाराकडे अर्ज गेले, पण वेळेवर दाद मिळाली नाही. शेकडो लोक बायकामुलांसह पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेर अशा शेजारच्या संस्थानांत निघून गेले. १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी हा प्रसंग तपशीलवार नोंदवला.

८/ महाडच्या भाषणावर आक्षेप घेता येतो. कथलाचे का होईना, ते दागिने त्या स्त्रियांनी हौसेने घेतले असतील, आईकडून मुलीकडे आले असतील. आणि सवर्ण बाईसारखे नेसणे म्हणजे तिचेच अनुकरण नव्हे काय? आक्षेप पोकळ नाही. परंतु हौस ही निवडीतून येते. इंदूरकडील गावांत चांदी घालण्याची बंदी आणि त्रावणकोरात मणी घालण्याची सक्ती असताना आवडनिवड या शब्दांना फारसा अर्थ उरत नव्हता. निवड आधी मिळवायची होती.

९/ पेहरावाचा असा उपयोग महात्मा फुले यांनीही केला होता, पण नेमका उलट दिशेने. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. पुढे १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी पंचा नेसून लंडनला गेले. त्याच परिषदेला आंबेडकर सूट-टायमध्ये उपस्थित होते. बॅरिस्टरीचा पोशाख उतरवण्याची मुभा गांधीजींना होती. आंबेडकरांच्या माणसांवर लक्तरे आधीच लादलेली होती.

१०/ बाबासाहेबांना फाउंटन पेनांचा मोठा शौक होता. आज गावोगावच्या पुतळ्यांवर निळा कोट, टाय आणि खिशाला लावलेले पेन दिसते, ते याच माणसाचे.

११/ आणि महाडच्या त्या स्त्रिया? त्यांनी फार वाट पाहिली नाही. सवर्ण कार्यकर्त्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना लुगडे घोट्यापर्यंत नेसण्याची पद्धत दाखवली, आणि कित्येक जणी गावी परतल्या त्या नव्या नेसणीतच.