मोबाईल अंगाजवळ ठेवताय? रेडिएशनबद्दल एवढं माहीत असू द्या

केडगाव स्टेशनवरून पुण्याला जाणाऱ्या गाडीत अनेकांचा फोन शर्टाच्या खिशात असतो. घरात अम्मी भाकरी थापताना फोन स्कार्फमध्ये कानाशी खोचून बोलतात. फजरच्या अलार्मसाठी तो रात्रभर उशीखाली असतो. मग प्रश्न पडतो, यानं कॅन्सर होतो का?

मोबाईलच्या रेडिओ लहरी एक्स-रेसारख्या पेशींची रचना तोडत नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे किंचित उष्णता. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं. २०२४ मध्ये याच संघटनेने करून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मात्र मोबाईल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. म्हणून घाबरू नका, पण सवयी बदला.

सार म्हणजे काय?
शरीर किती ऊर्जा शोषतं, त्याचं हे माप. भारतात मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. *#०७# डायल केल्यावर आपल्या फोनचा आकडा दिसतो.

अंतर का महत्त्वाचं?
अंगावरची चाचणी बऱ्याचदा फोन ५ किंवा १५ मिलिमीटर दूर धरून होते. २०२३ मध्ये फ्रान्समध्ये आयफोन १२ पाच मिलिमीटरवरच्या चाचणीत पास झाला. पण हातात किंवा पँटच्या खिशात अंगाला चिकटून असतानाच्या चाचणीत ४ च्या मर्यादेऐवजी ५.७४ भरला. कंपनीला सॉफ्टवेअर बदलावं लागलं.

काय करावं?
- लांब बोलणं असेल तर स्पीकर किंवा इअरफोन वापरा. स्कार्फमध्ये किंवा हेल्मेटमध्ये फोन खोचू नका.
- रेंजची एकच काडी असेल तर फोन जास्त ताकदीने लहरी सोडतो. धावत्या गाडीतही असं होतं. तेव्हा मेसेज करा, बोलणं नंतर.
- झोपताना फोन हातभर लांब ठेवा. एअरप्लेन मोडवरही अलार्म वाजतो. उशीखाली चार्जिंग तर नकोच, बॅटरी तापते.
- लहान मुलांच्या हाती फोन देताना एअरप्लेन मोड लावा.
- पेसमेकर असलेल्या बुजुर्गांनी फोन छातीपासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा, दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा.

फोनवर चिकटवायचे 'रेडिएशन रोखणारे' स्टिकर घेऊ नका. अँटेना झाकली गेली तर फोन उलट जास्त जोर लावतो. अंतर ठेवायला पैसे लागत नाहीत.